अंडी उबवायचं खोकं

कमलाकर देवपुजारीला दुसऱ्यानं केलेल्या वस्तूतली खोट चटकन दिसायची. दिग्रसच्या पोस्टात तो तारबाबू होता. यवतमाळच्या एका वकिलाचा मुलगा, बी.एस्सी. अर्धवट सोडून तारखात्यात लागलेला, वय अठ्ठावीस, अजून एकटा. संध्याकाळी काम आटोपलं की तो सायकल काढायचा आणि बसस्टँडजवळच्या घनश्यामच्या टपरीवर येऊन बसायचा.

घनश्याम कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होता. फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचा आणि भंगारातून काही ना काही बनवत राहायचा. कुणाला दाराची घंटा, कुणाला मोटारीच्या बॅटरीवरचा पंखा, तर कुणाला भजनाच्या मंडपासाठी भोंगा. शिक्षण चौथीपर्यंत. कमलाकर ती वस्तू हातात घ्यायचा, उलटीपालटी करायचा आणि म्हणायचा, "हे इथं असं केलं असतंस तर?" पुष्कळदा त्याचं बरोबर असायचं. घनश्यामला राग यायचा नाही. "तुमचं डोकं चालते बाबू, माहे हात चालते," असं म्हणून तो लगेच सोल्डरिंगची कांडी तापवायला ठेवायचा.

कमलाकरच्या स्वतःच्या खोलीत फळीवर एक तीन व्हॉल्व्हचा रेडिओ दोन वर्षं अर्धाच पडून होता. तो पुरा होण्याआधीच त्याला दर वेळी त्याहून चांगली मांडणी सुचायची. मुंबईच्या एका इंग्रजी मासिकाला तो लांबलचक पत्रं लिहून इतरांच्या मांडणीत सुधारणा सुचवायचा. एक पत्र छापून आलं होतं. त्याचं कात्रण खिशातल्या पाकिटात असायचं.

जानेवारी बासष्टमधली गोष्ट. थंडी कडक होती. कमलाकर टपरीवर बसला असताना डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली आया धापा टाकत आली.

"घनश्यामभाऊ, बाईनं तुमचं अंड्याचं खोकं बलावलं. जसं हाये तसं घेऊन चाला."

"अंडी उबवाले ठेवली हायेत त्यात."

"अंडी काढून टाका म्हने. पोरगी ठेवाची हाये त्यात."

ते खोकं घनश्यामनं दिवाळीनंतर बनवलं होतं. जुन्या देवदारी पेटीला आतून पुठ्ठ्याच्या बोर्डाचे तुकडे, वरच्या झाकणाला काच, एका कोपऱ्यात साठ वॉटचा दिवा. खरी करामत होती ती पितळेच्या एका चपट्या डबीत. पातळ पत्र्याच्या दोन चकत्या कडेनं डाग देऊन बंद केलेल्या आणि आत ईथरचे थोडे थेंब. ईथर त्यानं डॉक्टरीणबाईंकडूनच मागून आणलं होतं, म्हणून तर बाईंना खोक्याची माहिती. खोक्यात उष्णता वाढली की ईथरची वाफ होऊन डबी फुगायची, वरच्या दांडीला ढकलायची, दांडीवरचा धातूचा ठिपका समोरच्या ठिपक्यापासून सुटायचा, वीज तुटायची आणि दिवा विझायचा. खोकं निवलं की डबी बसायची, ठिपके पुन्हा टेकायचे, दिवा लागायचा. हे ठिपके घनश्यामनं एका मोडक्या मोटारीतून काढले होते.

दवाखाना म्हणजे डॉक्टर शुभदाबाई सरमुकद्दम यांच्या घराचा पुढचा भाग. चार खाटा, एक आया. शुभदाबाई नागपूरला शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. आत खाटेवर मोहाच्या बंजारा तांड्यावरची मानीबाई तापानं फणफणलेली पडून होती. कापूस वेचता वेचता पोटात दुखायला लागलं, बैलगाडीतून आणलं आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगी. वजन तीन पौंडाला दोन औंस कमी.

मुलीची आजी धुरपताबाई तिला कापसात गुंडाळून छातीशी घेऊन बसली होती. मुलीचा बाप धरमसिंग दारात उभा होता. उंच, खांद्याला घोंगडी.

"यवतमाळला पाठवायचं म्हणजे पंचेचाळीस मैल," शुभदाबाई घनश्यामला म्हणाल्या. "या थंडीत वाटेतच जाईल. हिला एकसारखी ऊब हवी, आणि ती इथं दुसऱ्या कशानं देता येणार नाही. तुमचं खोकं नव्वद ते चौऱ्याण्णव अंशांच्या मध्ये राहील?"

घनश्यामनं खरं तेच सांगितलं. "नाई राहत जी. सत्त्याऐंशीले दिवा लागते आन सत्त्याण्णवले विझते. अंड्याले चालते तेवढं."

"आधी लावा तर खरं."

खोकं लागलं. आत पाण्याची वाटी, काचेतून दिसेल असा थर्मामीटर आणि मऊ कापडावर ती एवढीशी मुलगी. आईचं दूध काढून थेंबाथेंबानं पाजायचं. आजी खोक्याजवळ बसली ती हललीच नाही. दिवा लागला की तिच्या सुरकुत्यांवर उजेड पडायचा, विझला की अंधारायचा.

दोन दिवस असे गेले. मुलगी जगली होती, पण खोकं तापलं की लाल व्हायची आणि निवलं की निळी पडायची. शुभदाबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमलाकर घनश्यामबरोबर दवाखान्यात आला. पंधरा मिनिटं तो काचेतून डबीकडे बघत राहिला. खोट त्याला दिसली.

"ठिपक्यांमधली फट फार आहे," तो म्हणाला. "दांडीला एवढं जावं-यावं लागतं, म्हणून दहा अंशांचा फरक पडतो. स्क्रू आत घेऊन फट केसाएवढी केली, तर फरक दोन अंशांवर येईल."

घनश्यामनं मान हलवली. "ती फट मी मुद्दाम ठेवली बाबू. जवळ आनलं तर ठिनगी उडत राहते. ठिपके खराब होते."

"आमच्या तारेच्या यंत्रात केसाएवढीच फट असते. दिवसात हजार वेळा उघडते नि मिटते. वर्षानुवर्षं काही होत नाही."

"तारेची वीज येगळी, हे येगळी. हे लय जोराची हाये."

"अरे, साठचा तर दिवा आहे! त्याला असा किती प्रवाह लागणार?" कमलाकर शुभदाबाईंकडे वळला आणि त्यानं कागदावर आकृती काढून दाखवली. प्रवाह इतका, फट इतकी, फरक इतका. घनश्यामला असं काही कागदावर मांडता येत नव्हतं.

शुभदाबाईंनी खोक्याकडे पाहिलं. दिवा विझून बराच वेळ झाला होता, खोकं निवलं होतं आणि मुलीच्या ओठांभोवती पुन्हा निळसर रेघ उमटत होती.

"करता येईल का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"माह्या हातानं नाई करत मी," घनश्याम म्हणाला. "बाबूले करू द्या."

कमलाकरनं पेचकस घेतला. मुलीला आजीच्या कुशीत दिलं आणि दहा मिनिटांत त्यानं स्क्रू बसवला. मग सगळे थर्मामीटरकडे बघत राहिले. नव्वदला दिवा लागला. ब्याण्णवला विझला. पुन्हा नव्वदला लागला. खोक्यातून बारीक टिक् टिक् ऐकू येत होतं. तासाभरानं मुलीचा रंग एकसारखा झाला आणि तिनं मूठ उघडली.

"छान झालं, देवपुजारी," शुभदाबाई म्हणाल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

घनश्यामनं आपली पिशवी उचलली. जाता जाता एवढंच म्हणाला, "नजर ठेवा मात्र."

कमलाकर घरी गेला आणि त्यानं मासिकाला पाठवायला त्या खोक्याची सुबक आकृती काढली. खाली इंग्रजीत लिहिलं, 'सुधारित'.

पुढचा दिवस रविवार. सकाळच्या दोन-तीन तारा पाठवून कमलाकर दुपारी एकच्या सुमारास दवाखान्यात गेला. खरं म्हणजे आपलं काम पुन्हा एकदा बघायलाच तो निघाला होता. शुभदाबाई एका अडलेल्या बाईसाठी जीपनं खेड्यावर गेल्या होत्या. आया मागे जेवत होती. मानीबाई तापात झोपली होती. खोक्याजवळ धुरपताबाई एकटी बसली होती.

"बाबू, आला का तू," ती लगबगीनं म्हणाली. "हा दिवा लय येळचा विझला नाई पाहा."

"कधीपासून?"

"मले घड्याळ नाई समजत. आया जेवाले गेली त्याच्याही आंधीपासून. तिले सांगतलं मी. तर ते म्हने, बाबूनं सुधारलं हाये, आता ठीकच असन."

कमलाकर काचेवर वाकला. थर्मामीटरचा पारा एकशेतीनवर होता.

टिक् टिक् बंद पडलं होतं. डबी टम्म फुगली होती, दांडी तिच्या जोरानं वाकली होती, पण ठिपके एकमेकांना सोडत नव्हते. ते चिकटले होते. रात्रभर दर मिनिटाला उडणाऱ्या ठिणगीनं त्यांचा एकच गोळा झाला होता. कमलाकरला हे सगळं एका क्षणात कळलं, आणि तरी त्याचा हात गेला तो ठिपक्यांकडे. बाजूची झडप उघडून तो बोटानं दांडीला टिचक्या मारायला लागला. सुटेल, आत्ता सुटेल.

धुरपताबाईनं झाकण उचललं.

"थांब आजी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, झाकण..."

तिनं ऐकलंच नाही. दोन्ही हात आत घालून तिनं मुलीला बाहेर काढलं. मुलगी लालभडक होती आणि कापडासारखी लोंबत होती. मान एका बाजूला पडली. छाती हलत नव्हती.

कमलाकरनं तारेला हिसका देऊन दिवा बंद केला. त्यापुढे काय करायचं ते त्याला कळेना. म्हातारी बोटानं मुलीचे तळवे घासत होती, पाठ चोळत होती, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बंजाऱ्यांच्या गोर बोलीत काहीतरी पुटपुटत होती. "मारी याडी, मारी याडी, ऊठ." माझे आई, ऊठ. कमलाकरनं मनात आकडे मोजले. आठ. नऊ. दहा. अकराव्याला मुलीच्या नाकातून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला आणि छाती एकदा वर आली. मग थांबली. मग पुन्हा आली.

धुरपताबाई मटकन खाली बसली. एका हातानं मुलीला धरून दुसऱ्या हातानं तिनं गळ्यातली हासळी काढली, आरशांची आणि नाण्यांची चोळी, कांचळी, सोडली, मुलीला उघड्या छातीवर पालथं घातलं आणि वरून घोंगडी ओढून घेतली.

"पानी आन," ती म्हणाली. "बोट बुडवून हिच्या ओठाले लाव. आन बोलू नको."

आवाज ऐकून धरमसिंग बाहेरच्या ओट्यावरून आत आला. दिवा विझलेलं खोकं, उघडं झाकण, आईच्या अंगावरची घोंगडी. त्यानं आयेकडे पाहिलं. ती उष्ट्या हातानं दारात उभी होती.

"काय झालं?"

"खोकं बिघडलं," आया म्हणाली. "घनश्यामचं खोकं. पोरगी भाजलीच असती."

धरमसिंगनं आणखी काही विचारलं नाही. तो वळला आणि तरातरा निघाला. तो कुठे चालला आहे हे कमलाकरला कळलं. दारापर्यंत जाऊन 'थांबा' म्हणायला पाच पावलं लागली असती. पण तो मुलीच्या ओठाला पाण्याचं बोट लावत राहिला. आत्ता हे काम जास्त महत्त्वाचं आहे असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खरं नाही हेही त्याला ठाऊक होतं.

पंधरा मिनिटांत धरमसिंग घनश्यामला घेऊन आला. त्याच्या सदऱ्याची कॉलर धरमसिंगच्या मुठीत होती आणि एक बाही खांद्यातून उसवली होती. कॉलर सोडवून घेऊन घनश्याम सरळ खोक्यापाशी गेला. त्यानं खोक्यात वाकून पाहिलं, चिकटलेल्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून कमलाकरकडे पाहिलं. तेवढंच. नजर काढून घेऊन तो म्हातारीजवळ उकिडवा बसला.

"सास चालू हाये का पोरीचा?"

"चालू हाये," धुरपताबाई म्हणाली.

बाहेर जीप थांबली. शुभदाबाई आत आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधीच त्यांना सगळं दिसलं. त्यांनी घोंगडीखाली हात घातला, नाडी बघितली, ताप घेतला. एकशेदोन. पापणी उचलून पाहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घनश्याम, अंड्यांच्या खोक्यावर एका मुलीचा जीव टांगला, ही माझीच चूक झाली. पण ते असं अडकून बसू शकतं, हे तरी तुम्ही मला नीट सांगायचं होतंत."

घनश्याम जमिनीकडे बघत होता. धरमसिंगनं पुन्हा त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं.

"बाई, आंधी पोरीचं पाहा," घनश्याम म्हणाला. "माहं मंग पाहू."

कमलाकर हे ऐकत होता. गप्प राहिलं तर दोष घनश्यामवरच राहणार होता. घनश्याम सांगणार नव्हता, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. आणि ते सगळ्यात असह्य होतं.

"त्यानं सांगितलं होतं," कमलाकर म्हणाला. "ठिणगी उडेल, ठिपके खराब होतील, हे त्यानं कालच सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं, बाई. स्क्रू मी आत घेतला. त्याच्या खोक्यात खोट नव्हती. मी केलं हे."

धरमसिंगनं घनश्यामची कॉलर सोडली. तो कमलाकरसमोर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या घोंगडीचा वास कमलाकरच्या नाकात गेला.

"आन मी याले धरून आनला तवा तू अथीच होता."

"हो."

"तोंड नोतं तुले?"

धरमसिंगचा हात वर गेला.

"धरम्या!" धुरपताबाईचा आवाज कुजबुजीएवढाच होता, पण धार लागलेला. "पोरगी झोपली हाये माह्या छातीवर. अथी कोनी ओरडाचं नाई, कोनी मारामारी कराची नाई. काय बोलाचं ते हळू बोला."

हात खाली आला. मुलीचा श्वास ऐकू येत होता, थांबत थांबत चालणारा.

"चूक माझीही आहे," शुभदाबाई म्हणाल्या. "मला फरक कमी करून हवा होता, म्हणून मी घनश्यामचं ऐकून घेतलं नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ऊन उतरलं की आणखी गार होईल. आजीच्या अंगावर ती चार तास राहील, सहा तास राहील. पण आजीला ताप आला, डोळा लागला, कूस बदलली तर? अंधार पडायच्या आत खोकं पुन्हा हवं. होईल का?"

घनश्यामनं उसवलेली बाही वर केली. खोकं उचलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, पिशवीतून कानस काढली आणि ठिपके वेगळे करून घासायला लागला. कमलाकर लांब उभा होता.

"काहून उभे राह्यले तथी?" घनश्याम मान वर न करता म्हणाला. "या. सांगा आता, काय कराचं ते."

त्यात टोमणा नव्हता. कमलाकर जवळ आला. आयुष्यात पहिल्यांदाच सुचलेलं लगेच बोलून टाकायची त्याला भीती वाटत होती.

"ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंना कंडेन्सर लावला तर ठिणगी कमी होईल," तो शेवटी म्हणाला. "मोटारीत असतो तसा. बरोबर आहे का?"

"बरोबर हाये. रेडिओतला चालन, चांगल्या ताकदीचा पायजे. फट?"

"तू सांग."

"तुमच्यावाली नाई आन माह्यावालीही नाई. मधात ठेवू. चार-पाच अंशाचा फरक पडन. चालते का बाई?"

"चालेल," शुभदाबाई म्हणाल्या.

"आणि दुसरी डबी," कमलाकर म्हणाला. "पहिली अडकली तर दुसरीनं दिवा तोडायचा. शहाण्णवला. ती रोज हलणार नाही, फक्त धोक्याच्या वेळी."

घनश्यामनं विचार केला. "पन तिनं दिवा तोडला हे कोनाले कसं समजन? तिच्यावर घंटीही लावू. दिवा तोडला का घंटी वाजली पायजे. घंटीले बॅटरी येगळी, म्हंजे दिव्याची लाइन तुटली तरी वाजन."

त्यांनी दुसरी डबी केली. पितळ कातरलं, कड जुळवली, शुभदाबाईंनी ईथरची बाटली दिली. डाग देताना आणि ईथर भरताना दोघंही अंगणात गेले, कारण ईथर पेट घेतं. कमलाकरच्या हाताला दोनदा चटका बसला. घनश्यामनं पकड त्याच्या हातात दिली. धरमसिंग ओट्यावर बसून प्रत्येक गोष्ट बघत होता. मधून मधून आत जाऊन तो आईच्या घोंगडीत डोकावून यायचा.

साडेपाचला खोकं तयार झालं. दिवा लावला. एकोणनव्वदला लागला, त्र्याण्णवला विझला. तीन वेळा, चार वेळा. घनश्यामनं कानस पिशवीत टाकली.

"झालं," तो म्हणाला.

"झालं नाई," धरमसिंग दारातून म्हणाला. "कालही असंच झालं होतं म्हनता ना? चांगलं चालत होतं. मले चांगलं चाललेलं दाखवू नका. माह्यासमोर बिघडवा."

"म्हंजे?"

"पयली डबी अडकवून टाका. तारेनं बांधा. मंग काय होते ते मले पाहू द्या."

कमलाकर आणि घनश्यामनं एकमेकांकडे पाहिलं. हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. घनश्यामनं तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला आणि पहिले ठिपके एकमेकांना घट्ट बांधून टाकले. आता पहिली डबी कितीही फुगली तरी दिवा विझणार नव्हता. झाकण लावलं. चौघंही टेबलाभोवती उभे राहिले. खोक्यात पाण्याच्या वाटीशिवाय काही नव्हतं.

त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. दिवा जळत होता. पंच्याण्णव. दुसरी डबी जराशी फुगल्यासारखी वाटली. शहाण्णव. काही झालं नाही.

"शहाण्णव झालं," शुभदाबाई म्हणाल्या.

"थांबा," घनश्याम म्हणाला.

सत्त्याण्णव. धरमसिंगनं कमलाकरकडे पाहिलं. कमलाकरनं डोळे काचेवरून हलवले नाहीत. पारा पुढच्या रेघेकडे सरकत होता. अठ्ठ्याण्णव. आणि दांडी सुटली. दिवा विझला आणि घंटी इतक्या जोरात किंचाळली की मानीबाई तापातून दचकून उठली.

"दोन अंश उशीर झाला," कमलाकर म्हणाला. "स्क्रू..." तो थांबला. "घनश्याम, अर्धा आटा फिरवू का?"

"पाव फिरवा. पुन्हा पाहू."

पाव आटा फिरवून त्यांनी पुन्हा बिघडवून पाहिलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा घंटी शहाण्णवला वाजली. धरमसिंगनं स्वतःच्या हातानं ती बांधलेली तार सोडवली.

आतून धुरपताबाईनं हाक मारली. "ते काचेची नळी हाये ना, तिच्यावर मले निशानी करून द्या. मले वाचता नाई येत. दुपारी मले निशानी असती तर समजलं असतं."

शुभदाबाईंनी बॅग उघडली. मग त्यांनी टाके घालायचा काळा दोरा घेतला आणि थर्मामीटरवर पंच्याण्णवच्या रेघेला गाठ मारली.

म्हातारी घोंगडी सावरत उठली, खोक्यापाशी आली. सगळ्यांना वाटलं ती मुलीला आत ठेवेल. पण तिनं आधी स्वतःचा उघडा हात आत घातला आणि झाकण टेकवून घेतलं. "मी पाहतो आंधी," ती म्हणाली. दिवा चार वेळा लागला, चार वेळा विझला. तिनं हात काढला नाही. पाचव्या वेळेला दिवा लागल्यावर तिनं मान हलवली आणि मुलीला आत ठेवलं.

मुलगी त्या खोक्यात चौतीस दिवस होती. त्या काळात घंटी दोनदा वाजली. एकदा ठिपका झिजला होता म्हणून, आणि एकदा का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही वेळेला कुणी ना कुणी जवळ होतं. घनश्याम रोज सकाळी जिनिंगला जाण्याआधी ठिपके घासून जायचा, कमलाकर संध्याकाळी. दिवसाचे दोन तास मुलीला आजीच्या छातीवर ठेवायचं, असं शुभदाबाईंनीच ठरवून टाकलं. मानीबाईचा ताप उतरल्यावर ते तास तिच्याकडे आले.

घरी नेताना मुलगी साडेचार पौंडांची होती. धरमसिंगनं घनश्यामचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्या दिवशी उसवलेल्या बाहीबद्दल तो काही बोलला नाही, पण आपली घोंगडी काढून घनश्यामच्या खांद्यावर टाकली. कमलाकरकडे त्यानं पाहिलंही नाही.

गाडी गेल्यावर कमलाकरनं शुभदाबाईंना इतके दिवस मनात असलेलं विचारलं. "त्या दुपारी जे झालं, त्याचा काही परिणाम राहील का? डोक्यावर, कानांवर?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "आज सांगता येत नाही. वर्षभरानं दिसेल. बसते का, उभी राहते का, हाक मारली की बघते का."

कमलाकरनं ते वर्ष कसं काढलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. टपरीवर तो रोज यायचा. घनश्यामनं नवं काही दाखवलं की हातात घ्यायचा, बघायचा आणि विचारायचा, "हे तू असं का केलंस?" घनश्याम सांगायचा. पुष्कळदा त्याला कारण असायचं.

पुढच्या जानेवारीत एका रविवारी तो सायकल घेऊन मोहाच्या तांड्यावर गेला. कच्चा रस्ता, दोन्हीकडे वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. धरमसिंग घरासमोर गाडीच्या चाकाला वंगण घालत होता. सायकल बघून त्यानं हात थांबवला.

"कायले आले?"

"मुलीला बघायला."

धरमसिंगनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग त्यानं घराच्या दिशेनं मान वळवून हाक मारली, "सोनकी!"

उंबऱ्यात एक बारीकशी मुलगी बसली होती. अंगापेक्षा डोळेच मोठे. तिनं हाक ऐकली, मान वळवली. मग दाराची चौकट धरून, एकदा घसरून, ती उभी राहिली आणि बापाकडे बघून तोंडभर हसली. खाली दोनच दात होते.

"पाहा," धरमसिंग म्हणाला, आणि चाकाकडे वळला.

कमलाकरनं सायकल झाडाला टेकवली आणि तो तिथंच थांबला. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. आतून धुरपताबाई हात पुसत बाहेर आली.

"बाबू हाये का," ती म्हणाली. "उन्हात कायले उभा राह्यला? ये, बस. भाकर खाऊन जा."

त्यानं धरमसिंगकडे पाहिलं. तो मान खाली घालून वंगण चोळत होता. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कमलाकर ओट्यावर जाऊन बसला.